मेफ्लायची पंखांसकट पडणारी कात: घरी कशी पाहाल?

पंख फुटले की कीटकाचं कात टाकणं कायमचं थांबतं. आज हयात असलेल्या कीटकांत मेफ्लाय हा पाण्यात वाढणारा नाजूक कीटक एवढाच अपवाद. पाणी सोडताना तिला पंख येतात, ती उडते आणि मग पंखांसकट आणखी एकदा कात टाकते. या मधल्या अवस्थेला सबइमॅगो म्हणतात. ती जातीनुसार काही मिनिटं ते दोनेक दिवस टिकते.

पावसाळा सरला, सह्याद्रीतल्या ओढ्यांचं पाणी निवळलं की निंफ, म्हणजे मेफ्लायची पाण्यात राहणारी पिल्लं, शोधा (अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको). वाहत्या पाण्यातला दगड पांढऱ्या ट्रेवर धरून मऊ ब्रशने निंफ उतरवा. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले आणि प्रत्येक पायाला एकच नखी असेल तर ती मेफ्लाय. नुसत्या शेपट्या मोजून ठरवू नका: बहुतेकींना तीन असतात, पण इपिओरस या मेफ्लायला दोनच, आणि स्टोनफ्लाय या वेगळ्याच कीटकालाही दोनच.

आता पाठीवरचे पंखकोष पाहा. निवड इथेच होते. कोष काळेभोर झाले असतील तर आत घडी घातलेले पंख तयार आहेत आणि निंफ लवकरच बाहेर येईल. फिके असतील तर तिथेच सोडून द्या. असे निंफ घरी आठवडेच्या आठवडे जगवणं अवघड जातं.

दोन लिटरच्या बरणीत ओढ्याचंच पाणी अर्धं भरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन निंफना सोसत नाही. फिशटँकचा एअर पंप लावा, पाण्याबाहेर डोकावणारा खडबडीत दगड ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. चार-पाच निंफ पुरेत. बरणी उन्हात नको: पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि निंफ मरतात.

सबइमॅगो बाहेर आली की बोटांनी धरू नका. पंख मळकट, अपारदर्शक असतात आणि कडेला बारीक केसांची झालर असते. तिला काडीवर चढवून जाळीचं झाकण लावलेल्या कागदी कपात ठेवा, तळाशी ओला करून घट्ट पिळलेला कापूस. बहुतेकांची फसगत इथे होते. हवा कोरडी पडली तर कात पंखांवरच अडकते. कपात पाण्याचे थेंब राहिले तर पंख चिकटतात. गुळगुळीत प्लॅस्टिकही नको, पायांना पकड मिळाली नाही तर तिला कातीतून अंग ओढून काढता येत नाही. खाऊ घालायची गरज नाही, तोंडाचे अवयव निकामी झालेले असतात.

कात टाकताना छातीवरची त्वचा फाटते आणि पंखांवरचा पातळ पापुद्राही सोलून निघतो. मागे उरतात काचेसारखे पंख. शेपट्या आणि नराचे पुढचे पाय एकाएकी कितीतरी लांब दिसतात. एवढी लांबी एका कातीत साधत नाही म्हणून ही जादा कात टिकली, असं एक मत. दुसरं मत असं की सबइमॅगोच्या पंखांवरचे केस पाणी झटकतात आणि तिला पृष्ठभागावरून सुटायला मदत करतात. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. पंख पाठीवर आडवे मिटता न येणं हा मात्र जुनाच वारसा, चतुरांमध्येही दिसणारा. मेफ्लायच्या कुळाचे जीवाश्म तीस कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळापर्यंत जातात.

नमुना जपायचा असेल तर रंग भरेपर्यंत काही तास थांबा, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. निंफची कात आणि सबइमॅगोची कात त्याच कुपीत घाला, नाहीतर कोणता निंफ कोणत्या प्रौढाचा हे नंतर कळणार नाही. चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख पेन्सिलनेच लिहा; पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.