जमिनीच्या उताऱ्यावरून आणि गावाच्या नावावरून जुन्या सत्तांचा माग कसा काढावा

आपल्या गावावरून किती सत्ता गेल्या आणि प्रत्येकीने मागे काय ठेवले, याचा शोध ताम्रपटापासून नव्हे, तर घरातील जमिनीच्या उताऱ्यापासून सुरू करावा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेले असते. त्यातील 'एकर' हा मूळचा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीतला, शब्द असून त्याचा जुना अर्थ नुसता 'शेत' असा होता. वडीलधारी माणसे अंतर सांगताना वापरत असलेला 'फर्लांग'ही त्याच भाषेतला. नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी, असा त्याचा मूळ अर्थ, आणि पुढे ती 220 यार्ड ठरली. 220 यार्ड लांब व 22 यार्ड रुंद असा पट्टा म्हणजे एक एकर, आणि त्याचे 40 भाग केले की 121 चौरस यार्डांचा आपला गुंठा होतो. 'मैल' या शब्दाचे मूळ तर याच्याही मागे, रोमन लोकांच्या हजार दुहेरी पावलांपर्यंत जाते. रोमनांनी जिंकलेल्या ब्रिटनमध्ये तो रुजला आणि त्याच ब्रिटनने पुढे आपला मुलूख जिंकल्यावर आपल्या रस्त्याकडेच्या दगडांवर आला. म्हणूनच मी मोजमापांना आधी हात घालायला सांगतो: किल्ला ओस पडू शकतो, पण भावाभावांत जमिनीची वाटणी दर पिढीला करावीच लागते.

यानंतर नावांकडे वळावे. त्यासाठी ब्रिटनचे उदाहरण समजून घेतले, तर थर वेगळे कसे करावेत हे चांगले कळते. रोमनांनी इ. स. 43 मध्ये तिथे स्वारी केली आणि 410 च्या सुमारास त्यांचा अंमल उठला. लष्करी तळाला ते 'कास्त्रा' म्हणत, आणि मँचेस्टर, लँकेस्टर, ग्लॉस्टर या नावांच्या शेवटी तोच शब्द रूप बदलून राहिला आहे. त्यांच्यामागून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी वस्त्यांच्या नावांना शेवटी 'टन' आणि 'हॅम' जोडले. टेम्स, एव्हन ही नद्यांची नावे मात्र रोमनांच्याही आधीची आहेत. 'एव्हन' म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत केवळ 'नदी'.

हे ध्यानात ठेवून वहीत नद्या-ओढे, गावे आणि कारभाराचे शब्द असे वेगवेगळे रकाने आखावेत. येळ्ळूरच्या शेवटी कन्नडमधला 'ऊर', म्हणजे गाव, आहे. कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या जोडनावांत लहान-थोर सांगणारे शब्द फारसीतून आले आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतल्यानंतर छावणीच्या भागाला 'कॅम्प' म्हणू लागले. तळावरून नाव पडण्याची ही रीत मँचेस्टरसारखीच आहे. त्याच किल्ल्यात रट्ट राजवटीतील, 1204 साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे, तीही अवश्य पाहावी.

नावाचे शेपूट पाहून लगेच निकाल देऊ नये. मराठीत 'केरी' असे लिहिले असेल, तर मूळ कन्नड शब्द ऱ्हस्व उच्चाराचा 'केरे', म्हणजे तलाव, आहे की दीर्घ उच्चाराचा 'केरी', म्हणजे वस्ती, हे देवनागरीवरून कळत नाही. कन्नड पाटी वाचावी आणि शेजाऱ्यांकडून उच्चार करून घ्यावा.

आपल्या भागात एक काळजी विशेष घ्यायला हवी. अँग्लो-सॅक्सनांनी ब्रिटनमधल्या मूळ रहिवाशांनाच 'परके' म्हटले आणि तिथल्या वेल्स या प्रदेशाचे नाव त्याच शब्दातून आले. ते लोक मात्र स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात. एखादे नाव कन्नड, मराठी की फारसी, यावरून आज तिथे राहणाऱ्या कोणालाही परके ठरवण्यासाठी ही वही वापरू नये. एकाच गावाला दोन भाषांत दोन नावे असतील, तर दोन्ही शेजारी-शेजारी लिहावीत.

शेवटी शिवारात जाऊन शेतांची, बांधांची आणि विहिरींची नावे गोळा करावीत, कारण ती बहुधा कुठल्याच दप्तरात नसतात. प्रत्येक नाव देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत उतरवावे, आणि सांगणाऱ्याचे वय, गल्ली व तारीख त्याच दिवशी शेजारी टिपावी.