जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पॉवर सप्लायचे नवे कपॅसिटर बसवण्याआधीची तयारी

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खरेदीला जायच्या आधी वही आणि मल्टिमीटर घेऊन अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसा. प्लग काढून झाकण उघडा आणि आतले फोटो घ्या. प्रत्येक कपॅसिटरची मायनसची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. मग मशीन चालू करून तीन नोंदी घ्या: दोन्ही रेलचं (आतल्या प्लस आणि मायनस डीसी पुरवठ्याचं) व्होल्टेज, स्पीकर टर्मिनलवरचा डीसी ऑफसेट (तिथे नको असलेलं डीसी व्होल्टेज) आणि एमिटर रेझिस्टरवरचे (आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या छोट्या रेझिस्टरवरचे) मिलिव्होल्ट. हे करताना एकच हात आत, दुसरा मागे. ऑफसेट 50 मिलिव्होल्टच्या वर निघाला तर आधी तो दोष शोधा, महागड्या कपॅसिटरने तो जाणार नाही.

बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर, म्हणजे सप्लायचे मोठे कपॅसिटर, भरलेलेच असतात. पेचकस टेकवून ठिणगी काढायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्याने टर्मिनल जळतं आणि हातही. 1 किलोओम, 5 वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावून तो जवळ ठेवा. 10,000 मायक्रोफॅरड रिकामा व्हायला त्याला मिनिटभर लागतं. त्यानंतरही मीटर लावून खात्री करा, मगच बोट लावा.

आता व्होल्टेजचा हिशेब, कारण चूक इथेच महागात पडते. ट्रान्सफॉर्मर 24-0-24 व्होल्टचा असेल तर कागदावर प्रत्येक रेलला सुमारे 34 व्होल्ट येतात. पण अ‍ॅम्प्लिफायर नुसताच चालू असताना ट्रान्सफॉर्मर जास्त देतो, आणि रात्री सॉकेटवर 250 मिळाले तर रेल 40 च्या आसपास जाते. म्हणून 35 व्होल्टचा कपॅसिटर नको. 50 चालेल, 63 घेतलात तर निश्चिंत. तापमान 105 अंशांचं बघा, आणि व्यास, उंची, पायांमधलं अंतर मोजूनच निघा.

किती मायक्रोफॅरड? 1 अँपिअरच्या भाराला 4,700 वर साधारण 2 व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) राहतो, 10,000 वर 1 व्होल्टचा. त्यापुढे 22,000 चा मोह आवरा. चालू करताना फ्यूज आणि रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या भागावर) पडणारा झटका वाढतो, आणि घरच्या ऐकण्यात तेवढा फरक पडत नाही. रेक्टिफायर मात्र 35 अँपिअरचा, चेसिसला घट्ट बसणारा घ्या. नामांकित ब्रँडच्या नकला बाजारात असतात, तेव्हा कपॅसिटन्स मीटरवर तपासल्याशिवाय एकही बसवू नका.

सिग्नलच्या वाटेवरचे कपॅसिटर या फेरीत बदलू नका. आधी सप्लाय, मग ऐकणं, मग बाकीचं. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. पुढे कधी इनपुटला फिल्म कपॅसिटर लावलात तर 47 किलोओमच्या इनपुटला 1 मायक्रोफॅरड पुरतो, कारण कट-ऑफ (ज्याच्या खालचे आवाज कमी होत जातात ती मर्यादा) 3.4 हर्ट्झवर येतो.

ऐकायला तानपुरा स्पष्ट असलेलं ख्यालाचं रेकॉर्डिंग आधीच काढून ठेवा, तेही जुन्या अवस्थेत नीट ऐकून. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे सप्लायची घरघर 100 हर्ट्झवर येते. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात मंद्र पंचम जवळपास 104 वर असतो. घरघर त्याला अगदी चिकटून बसते आणि पंचम डळमळल्यासारखा वाटतो. माझ्या मते हा सगळा खटाटोप करायचा तो हा पंचम स्वच्छ ऐकू यावा म्हणूनच.

टेबलावर सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, फ्लक्स आणि सीरिज बोर्ड (मशीनकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड) हवा. बोर्डाला 60 किंवा 100 वॅटचा फिलामेंटचाच बल्ब लावा, एलईडी इथे उपयोगाचा नाही. काम झाल्यावर पहिल्यांदा त्यातूनच चालू करायचं, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखीत राहिला तर लगेच बंद करा आणि पोलॅरिटी पुन्हा तपासा. मंद झाला असेल तर सीरिज बोर्ड काढून थेट सॉकेटला जोडा, तासभर तापू द्या आणि ऑफसेट, मिलिव्होल्ट वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. जुळले की आधी स्वस्तातला स्पीकर जोडायचा, चांगली जोडी नंतर.