स्पोर्ट टूरिंग टायरची झीज कशी मोजावी आणि टायर कधी बदलावा

मोटारसायकलचा टायर संपला की नाही हे पाहण्यासाठी बहुतेक जण मागच्या टायरच्या मधोमध अंगठा फिरवतात आणि खाचा हाताला लागल्या की निर्धास्त होतात. रोजच्या कामाच्या लहान दुचाकीला एवढी तपासणी बहुधा पुरते. स्पोर्ट टूरिंग टायरला, म्हणजे लांबचा प्रवास आणि वळणावरची पकड या दोन्हींसाठी बनवलेल्या टायरला, ती पुरत नाही, कारण खाचांची खोली संपण्याच्या बरीच आधी या टायरची गोलाई बिघडते आणि गोलाई बिघडली की वळणावर गाडीचे वागणे बदलते. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या चालकाने हे विशेष लक्षात ठेवावे. आपला आठवडा ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच मार्ग किंवा शीव-पनवेल महामार्ग अशा सरळ रस्त्यांवर जातो आणि घाट वाट्याला येतो तो रविवारी. टायरचा मध्यभाग रोज घासला जातो, कडा मात्र जवळजवळ नव्याच राहतात.

या वर्गातील अनेक टायरांच्या मध्यभागी टिकाऊ, तुलनेने कडक रबर असते आणि दोन्ही बाजूंना मऊ रबर असते. शंभर-दोनशे किलोमीटरची सरळ दौड मधल्या रबराने सोसावी आणि गाडी कलंडल्यावर बाजूच्या रबराने पकड द्यावी, अशी ही योजना आहे. रबरात सिलिकाचे प्रमाण चांगले असल्यामुळे टायर फारसा तापलेला नसतानाही ओल्या रस्त्यावर पकड मिळते. निव्वळ स्पोर्ट टायरला मात्र काम करण्यासाठी अधिक उष्णता लागते. मुंबईच्या आसपास चार महिने पावसात गाडी चालवायची असेल, तर माझ्या मते स्पोर्ट टूरिंग टायर घेण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. काही टायरांमध्ये झिजण्याचाही विचार आधीच केलेला असतो. मिशेलिन रोड ५ मधील बारीक चिरा तळाकडे रुंद होत जातात, त्यामुळे वरचे रबर गेल्यावरही पाणी सामावण्यासाठी जागा उरते.

मोजणी कशी करावी

त्यासाठी खाचांची खोली मोजणारा लहान गेज पुरतो. घरी व्हर्नियर कॅलिपर असेल तर त्याच्या मागून बाहेर येणारी पट्टीही चालते. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या समोरची जागा कायमची ठरवून घ्यावी, म्हणजे दर वेळी त्याच खाचेत माप घेतले जाईल. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारी उंचवट्याची पट्टी असते आणि साईडवॉलवरील (टायरच्या बाजूच्या भिंतीवरील) टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण तिची जागा दाखवतात. त्या पट्टीवर गेज टेकवला तर माप चुकते, म्हणून ती टाळावी. दोन्ही टायरांची मापे मध्यभागी, डावीकडे आणि उजवीकडे घ्यावीत. तारीख, किलोमीटर आणि ही सहा मापे एका वहीत लिहावीत. दर १,००० किलोमीटरला ही नोंद केली तर काही महिन्यांतच टायरची चाल कळू लागते.

समजा, नव्या टायरच्या मध्यभागी ५.५ मिलिमीटर खोली होती आणि ३,००० किलोमीटरनंतर ती ४.३ झाली. म्हणजे १,००० किलोमीटरमागे ०.४ मिलिमीटर रबर गेले. पावसाळ्याचा विचार करून २ मिलिमीटरला टायर बदलायचा असे ठरवले, तर उरलेल्या २.३ मिलिमीटरमध्ये साधारण ५,७५० किलोमीटर मिळतील. हा अंदाज बाजूची मापे लक्षात घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. मध्य ३ मिलिमीटरवर आला असेल आणि बाजू ५ वर थांबल्या असतील, तर टायर चपटा होऊ लागला आहे असे समजावे. पातळ पुठ्ठ्याची पट्टी नव्या टायरच्या गोलाईप्रमाणे कापून ठेवली आणि काही महिन्यांनी ती त्याच टायरवर बसवून पाहिली, तर मधली फट डोळ्यांना स्पष्ट दिसते. मला स्वतःला आकड्यांपेक्षा ही पट्टी अधिक उपयोगी वाटते.

चपट्या झालेल्या टायरची लक्षणे हँडलवरही जाणवतात. माळशेज किंवा कसारा घाटात वळण घेताना गाडी आधी झुकायला नकार देते, मग मध्य आणि बाजू यांच्यामधली कड ओलांडताच एकदम खाली पडल्यासारखी झुकते. पुढच्या टायरची झीज वेगळ्या प्रकारची असते. त्याच्या नक्षीचे ठोकळे एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने खाली होतात, कधी लहान वाट्यांसारखे खळगे पडतात आणि मंद वेगात हँडल थरथरू लागते किंवा टायर घुमल्यासारखा आवाज येतो. जोराचे ब्रेक, कमी हवा, बिघडलेले बॅलन्सिंग आणि दमलेले सस्पेन्शन ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे फोर्कमधील (पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांमधील) तेल किती जुने आहे हे न पाहता नवा टायर बसवला, तर तोही तसाच झिजतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उजवे वळण नेहमी अधिक रुंद आणि लांब पडते. उजवी बाजू थोडी जास्त झिजलेली दिसली तर त्यात काळजीचे कारण नाही.

हवेचा दाब

टायरच्या आयुष्यावर चालकाचे सर्वांत जास्त नियंत्रण येथे असते आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही येथेच होते. दाब किती ठेवायचा हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. साईडवॉलवर छापलेला आकडा कमाल भार व कमाल दाबाचा असतो आणि तो रोजच्या वापरासाठी नसतो. दाब टायर थंड असतानाच मोजावा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी.

अडचण अशी की पेट्रोल पंपापर्यंत जाईतो टायर तापतो आणि आकडा वर चढतो. यावर सोपा उपाय आहे. घरी स्वतःच्या दाब मोजणाऱ्या गेजने थंड दाब मोजावा. पुस्तिकेत ३६ लिहिले असेल आणि गेज ३३ दाखवत असेल, तर कमतरता ३ पीएसआयची आहे. पंपावर पोहोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजावे आणि जो आकडा येईल त्यात ३ मिळवून हवा भरावी. तापलेला टायर ३७ दाखवत असेल तर तो ४० होईपर्यंत भरावा. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून दोन्ही मापे स्वतःच्या गेजनेच घ्यावीत. तापलेल्या टायरमधून हवा काढून आकडा जुळवण्याची चूक मात्र कधीही करू नये.

हवा कमी असेल तर टायरच्या भिंती जास्त वाकतात, रबर तापते आणि पुढचे ठोकळे वेडेवाकडे झिजतात. शिवाय घोडबंदर रस्त्यावरचा एखादा खड्डा थेट रिमला लागतो. हवा जास्त असेल तर जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि आधीच घासला जाणारा मध्य आणखी लवकर जातो. पिशव्या लादून आणि मागे माणूस बसवून गोव्याकडे निघताना मागचा दाब पुस्तिकेतील भारित आकड्याएवढा करावा आणि परत आल्यावर आठवणीने पूर्ववत करावा.

खड्ड्यात जोराचा आदळ बसला तर त्याच दिवशी साईडवॉलवरून हात फिरवावा. फुगवटा लागला तर आतील धागे तुटलेले आहेत आणि तो टायर दुरुस्त होत नाही. महापे, रबाळे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या परिसरातून येणे-जाणे असेल तर खाचांत अडकलेले लोखंडी कीस आठवड्यातून एकदा काढावेत. बाहेरून घातलेली पंक्चरची पट्टी घरी पोहोचण्यापुरती मानावी. टायर उतरवून आतून तपासणी आणि दुरुस्ती करून घ्यावी, आणि छिद्र साईडवॉलमध्ये असेल तर टायर बदलावाच.

टायर न झिजताही म्हातारा होतो. साईडवॉलवरील डीओटी (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. २३२३ म्हणजे २०२३ सालाचा २३ वा आठवडा. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते व बारीक भेगा पडतात. मिशेलिनसारखे उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करण्याची आणि दहा वर्षांनंतर टायर न वापरण्याची शिफारस करतात. खरेदी करताना हे चार आकडे दुकानातच वाचावेत.

बदलण्याची वेळ ठरवताना टीडब्ल्यूआयची पट्टी ही शेवटची मर्यादा आहे एवढेच समजावे. पट्टीच्या जवळ आलेला टायर कोरड्या रस्त्यावर नीट चालतो, पण खाचांत पाणी सामावण्याची जागा उरलेली नसते आणि तुंबलेल्या पाण्यावर तो तरंगू लागतो. पावसाळ्यात उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आधीच निसरडे असतात, तेथे हा फरक फार महाग पडतो. म्हणून वहीतील हिशेब मे महिन्याच्या सुरुवातीला पाहावा. टायर ऑगस्टमध्ये संपणार असे दिसले तर तो मेमध्येच बदलावा. दोन-तीन हजार किलोमीटर वाया गेल्यासारखे वाटेल, पण ते उरलेले किलोमीटर भर पावसातले असतात.

मागचा टायर बहुधा आधी संपतो. केवळ तोच बदलायचा असेल तर पुढे असलेल्या टायरच्या जोडीतलाच घ्यावा, रेडियल आणि बायस (आतील धाग्यांच्या दोन वेगळ्या रचना) यांची सरमिसळ करू नये. कावासाकीच्या निंजा ६५० किंवा व्हर्सिस ६५० साठी पुढे १२०/७० झेडआर १७ आणि मागे १६०/६० झेडआर १७ ही मापे आहेत. त्यापेक्षा रुंद टायर त्याच रिमवर बसवल्यास गोलाई बदलते आणि इतका सगळा हिशेब निरुपयोगी होतो. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा आणि बॅलन्सिंग करून घ्यावे.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले १०० ते १५० किलोमीटर अचानक ब्रेक, जोराचा वेग आणि खोल झुकाव टाळावा आणि झुकाव हळूहळू वाढवत न्यावा. तकाकीसाठी मिळणारे द्रव्य नक्षीवर कधीही लावू नये. मेमधील कोरड्या सकाळी हे अंतर पूर्ण करावे. दुकानातून घरी आल्यावर गाडी बाहेर काढण्याआधी सहाही मापे घेऊन वहीच्या नव्या पानावर पहिली ओळ लिहावी.