आखाडात अख्खी रान भाजायची असेल तर

श्रावण लागण्याआधी घरची पंधरा माणसं जमणार असतील, तर रश्शासोबत एक अख्खी रान, म्हणजे बोकडाची मागची तंगडी, भाजून ठेवा. दोन किलोची, कोवळ्या बोकडाची घ्या. खाटकाला वरचा पातळ पापुद्रा काढून खोल चिरा द्यायला सांगा.

आदल्या रात्री नुसतं मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवा. दही, आलं-लसूण आणि आपला काळा मसाला सकाळी लावा. कच्ची पपई घालायची तर दोन चमचेच, तीही शेवटचे दोन तास. रात्रभर ठेवली की मटणाचा लगदा होतो. (आमच्याकडे एकदा झाला, चमच्याने वाढावा लागला.)

रान ओव्हनच्या ताटात ठेवा, कपभर पाणी घालून फॉइलने घट्ट झाका आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर अडीच ते तीन तास भाजा. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे, तोवर घाई नको. मग फॉइल काढून २२० अंशांवर पंधरा मिनिटं.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावू नका, लगेच कापलं की रस वाहून जातो. ताटात उरलेल्या रसात कडक भाकरी कुस्करायची. मुलं रानीआधी तीच संपवतात.