वेगाने स्की करता? मग बाइंडिंग असे निवडा

वर्षाला पंधरा-वीस दिवस उतारावर घालवणारा, खडबडीत बर्फातही वेग न सोडणारा, पण शर्यतीत न उतरणारा स्कीयर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा, घ्यायला जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘१३ घेऊ, १६ घेऊ की १८?’ हाच असतो. हा आकडा म्हणजे स्प्रिंग जास्तीत जास्त कितीपर्यंत आवळता येते, एवढेच. बाइंडिंग किती वर्षे टिकेल आणि बूट किती भरवशाने धरून ठेवेल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून सुरुवात स्वतःच्या आकड्यापासून करा.

आधी तुमचा डिन आकडा

बूट किती जोर लागल्यावर सुटावा, हे डिन आकडा सांगतो. तो काढायचा तक्ता आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. तक्ता वाचायला पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि बुटाच्या तळव्याची लांबी. ही लांबी म्हणजे बुटाचा नंबर नव्हे. ती टाचेजवळ कवचाच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३१५.

एक हिशेब करून पाहू. वजन ८२ किलो, उंची १८० सेंमी, वय ३५, तळवा ३१५ मिमी. सावध स्की करणारा, म्हणजे प्रकार १ असेल, तर आकडा ६ येतो. वेगाने आणि तीव्र उतारावर जाणारा, म्हणजे प्रकार ३ असेल, तर तक्त्यात दोन ओळी खाली जायचे, आकडा ८.५. हाच माणूस पन्नाशीचा झाला की एक ओळ वर, म्हणजे ७. वजनाची आणि उंचीची ओळ वेगवेगळी आली, तर वरची, म्हणजे कमी आकड्याची ओळ धरतात. प्रकार ३ निवडणे म्हणजे ‘पडल्यावर बूट न सुटण्याचा धोका मला मान्य आहे’ असे सांगणे. दुकानात भाव खायला तो निवडू नका.

आता हा ८.५ बाइंडिंगच्या पट्ट्यात, म्हणजे त्यावर लावता येणाऱ्या किमान ते कमाल आकड्यांत, कुठे बसतो ते बघा. ४ ते १३ च्या पट्ट्यात तो बरोबर मध्यावर येतो. ५ ते १४ मध्येही उत्तम. ६ ते १६ मध्ये जरा खालच्या बाजूला, तरी चालतो. ८ ते १८ मध्ये मात्र तो तळाशी जातो आणि पुढे कधी आकडा कमी करायचा झाला तर जागाच उरत नाही. शंभर किलोच्या, १९५ सेंमी उंचीच्या, प्रकार ३ च्या माणसाचा आकडा त्याच तळव्याला १० येतो. त्याने १६ चे बाइंडिंग घेणे योग्य आहे. १३ च्या बाइंडिंगवरचा ८.५ आणि १८ च्या बाइंडिंगवरचा ८.५ यांत बूट सोडण्याचा जोर सारखाच अपेक्षित असतो. मोठ्या आकड्याच्या मॉडेलमध्ये धातू जास्त असतो, पैसे त्याचे मोजायचे.

बूट सरकतो किती, परततो कसा

टणक बर्फावर वेगात असताना स्कीला क्षणभराचे धक्के बसत राहतात. चांगल्या बाइंडिंगमध्ये बूट थोडा बाजूला सरकतो, स्प्रिंग त्याला मध्यावर परत आणते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. सुटण्याआधी बूट किती सरकू शकतो, त्या अंतराला इलॅस्टिक ट्रॅव्हल म्हणतात. आमच्या मते वेगाने जाणाऱ्याने सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला द्यावे. हे अंतर कमी असेल तर बाइंडिंग धक्का आणि खरी पडझड यांत फरक करू शकत नाही, बूट अवेळी सुटतो, आणि मग माणूस पेचकस घेऊन आकडा वाढवत बसतो. अंतर पुरेसे असेल तर तक्त्यातल्या आकड्यावरच निभावते.

लुक कंपनीचे पिव्हॉट हे बाइंडिंग या बाबतीत अनेकांच्या यादीत वर असते. त्याच्या धातूच्या टो-पीसला (पुढच्या भागाला) ४५ मिमी आणि हील-पीसला (टाचेच्या भागाला) २८ मिमी सरक असल्याचे कंपनी सांगते. टाचेचा भाग बुटाबरोबर गोल फिरतो, आणि तो स्कीवर थोडीच जागा अडवत असल्याने पायाखालची स्की मोकळेपणी वाकते. पिव्हॉट १४ चा पट्टा ५ ते १४, पिव्हॉट १५ चा ६ ते १५. तोटे दोन. भुसभुशीत खोल बर्फात, गुलमर्गला अफरवातच्या उतारावर पडून उठल्यावर वगैरे, टाच तिरकी फिरलेली असेल तर बूट परत घालताना कटकट होते. आणि तळव्याच्या लांबीनुसार मागेपुढे करायला जागा साधारण २० मिमीच मिळते. नव्या बुटाचा तळवा बराच वेगळा निघाला तर स्कीला पुन्हा छिद्रे पाडावी लागतात.

मार्कर कंपनीच्या ग्रिफॉन (४ ते १३) आणि जेस्टर (६ ते १६) यांच्या स्क्रूंची मांडणी रुंद आहे, त्यामुळे कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, १०० मिमीच्या आसपासच्या स्कीवर जोर कडेपर्यंत नीट पोचतो. ग्रिफॉनमध्ये कॉम्पोझिट प्लास्टिक अधिक, जेस्टरमध्ये मॅग्नेशियमचे भाग. टायरोलिया अटॅक १४ (४ ते १४) मध्ये पाय घालणे सोपे. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ग्रिफॉन किंवा अटॅक १४ पुरते. नव्वदीच्या पुढे, किंवा वर्षाला तीसहून जास्त दिवस होत असतील, तर धातूच्या टो-पीसचे मॉडेल घ्या.

पिन असलेली हलकी टूरिंग बाइंडिंग चढायला बनवलेली असतात. लिफ्टने वर जाऊन दिवसभर जोरात खाली येण्यासाठी ती घेऊ नयेत.

बूट जुळतो का

साध्या अल्पाइन, म्हणजे फक्त उतारासाठीच्या, बुटाचा तळवा आयएसओ ५३५५ नुसार पुढे १९ मिमी आणि मागे ३० मिमी जाड असतो, कड सपाट आणि टणक. चालायला सोपे जावे म्हणून बनवलेल्या ग्रिपवॉक बुटाचा तळवा वक्र आणि रबरी असतो. जुन्या, फक्त अल्पाइनसाठीच्या बाइंडिंगमध्ये तो अडकल्यासारखा वाटतो, ‘खट्’ आवाजही येतो, पण सुटायच्या वेळी रबर घासून अडतो. बाइंडिंगवर ग्रिपवॉक किंवा जीडब्ल्यू अशी खूण आहे का, ते पाहा. उलट बाजूने अडचण नाही: जीडब्ल्यू बाइंडिंगमध्ये साधा अल्पाइन बूट चालतो. वाहनतळाच्या डांबरावर चालून तळव्याची पुढची कड गोल झाली असेल, तर बाइंडिंगला नावे ठेवण्याआधी तळवा बदला. बऱ्याच बुटांचे तळवे स्क्रू काढून बदलता येतात.

ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेइतकी, नाहीतर तिच्यापेक्षा १० ते १५ मिमीपर्यंत जास्त. याहून रुंद ब्रेक वळताना बर्फात घासतो.

बसवताना

हे काम जिग, म्हणजे छिद्रांची जागा दाखवणारा साचा, असलेल्या दुकानातच करून घ्या, पण काय विचारायचे ते माहीत हवे. ड्रिलचा आकार स्कीवरच छापलेला असतो: लाकडी गाभ्याला बहुधा ३.५ मिमी, धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिमी, खोली साधारण ९ मिमी. धातूच्या थराला आधी टॅपने आटे पाडावे लागतात. ते टाळले तर स्क्रू शिरताना वरचा थर फुगून उचलला जातो. स्क्रूची डोकी पोझिड्राइव्ह ३ ची असतात, साध्या फिलिप्सने ती झिजतात. छिद्रात गोंद घालायलाच हवा. तो पाणी आत शिरू देत नाही आणि स्क्रूला पकड देतो. जुनी छिद्रे असतील तर ती बुजवायची आणि नवी त्यांच्यापासून किमान १० मिमी दूर पाडायची.

फॉरवर्ड प्रेशर

टाचेचा भाग बुटाला पुढच्या भागावर किती दाबून धरतो, ते हे प्रेशर. अवेळी बूट सुटण्याच्या तक्रारी पुष्कळदा इथेच येऊन मिटतात. ते कमी असेल तर स्की वाकल्यावर बूट आणि बाइंडिंग यांत फट पडते. जास्त असेल तर बूट सुटायला उशीर होतो आणि हील-पीसची पट्टी झिजते. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. ग्रिफॉन-जेस्टरमध्ये बूट घातलेला असताना मागच्या स्क्रूचे डोके कवचाच्या पृष्ठभागाशी सपाट यायला हवे. काही मॉडेलमध्ये छोटी जीभ दोन रेषांच्या मध्ये यावी लागते. खूण नेहमी बूट घालूनच वाचायची. मित्राचे बूट घातले, नवे बूट घेतले, तळवा बदलला, की पुन्हा पाहायची.

बूट अवेळी सुटला तर या क्रमाने शोधा. तळव्याखाली बर्फ गोठला आहे का? तिथे दोन मिलिमीटरचा थरही पुरतो. टो-पीसची उंची बुटाला जुळते का? फॉरवर्ड प्रेशर बरोबर आहे का? बुटाच्या पुढच्या टोकाखालची सरकती पट्टी, जिला एएफडी म्हणतात, फाटली किंवा अडकली आहे का? बूट घातलेला ठेवून टाच बाजूला हलवून पाहा. हील-पीसमध्ये खडखड जाणवली तर तो झिजला आहे. हे सगळे ठीक असेल तरच आकड्याचा विचार, आणि तोही दुकानातल्या मशीनवर मोजून, एका वेळी अर्धाच. बाइंडिंग मुख्यतः पायाचे हाड मोडू नये म्हणून बनलेले आहे. गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची हमी ते कमी आकड्यावरही देत नाही. आकडा वाढवला तर मात्र हाडाचा धोका नक्की वाढतो.

टिकण्यासाठी

गाडीच्या टपावर उघड्या स्की नेल्या तर रस्त्यावरचे मीठ स्प्रिंगपर्यंत पोचते. पिशवीत न्या, नाहीतर घरी आल्यावर कोमट पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका आणि डब्ल्यूडी-४० सारखे फवारायचे तेल मारू नका. आतले वंगण त्याने निघून जाते. हंगाम संपल्यावर स्प्रिंग सैल करायची गरज नाही. सैल केली आणि पुढच्या हिवाळ्यात विसरलात, तर पहिल्याच उताराला बूट निघेल.

स्वित्झर्लंडची अपघात-प्रतिबंध संस्था बीएफयू दरवर्षी मशीनवर तपासणी करून घ्यायला सांगते. म्युनिकला असा किंवा डेन्व्हरला, हंगामाच्या आधी ती करा. बूट बदलल्यावर आणि मोठ्या धडकेनंतर पुन्हा. जुने बाइंडिंग विकत घेण्याआधी कंपनी ज्यांची जबाबदारी अजून घेते त्या मॉडेलांच्या चालू यादीत ते आहे का, ते दुकानात विचारा. यादीबाहेर गेलेल्या बाइंडिंगला अमेरिकेतली दुकाने सहसा हात लावत नाहीत, मग ते कितीही चकचकीत दिसो.