टाइम मशीनचा बॅकअप सरकतच नव्हता, माझा अनुभव

गुहागरला आमच्याकडे पावसात लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून मॅकचा (अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरचा) बॅकअप लागतोच, तो त्यातलंच टाइम मशीन हे अ‍ॅप घेतं, पण परवा बॅकअप किती झाला ते दाखवणारी निळी पट्टी तासभर जागची हलेना, केबल बदलली, डिस्क बदलली, तरी तेच. मग कळलं, मॅक हे काम मुद्दाम मागे ठेवतो, आपली चालू अ‍ॅप्स अडकू नयेत म्हणून बॅकअपला डिस्क थोडी थोडीच वापरायला देतो. टर्मिनलमध्ये (मॅकला टाइप करून कमांड द्यायचं अ‍ॅप) sudo sysctl debug.lowpri_throttle_enabled=0 ही कमांड देऊन हा लगाम घालणारी सेटिंग १ ची ० केली, पासवर्ड दिला, आणि डिस्क लगेच करकरायला लागली! जेवणं होईपर्यंत बॅकअप पूर्ण. झाल्यावर परत १ करा हां, नाहीतर बॅकअप चालू असताना बाकीचं जड चालतं, आणि विसरलात तर रीस्टार्टला आपोआप १ होतं.