पुणे, पुण्यात आणि मधली उभी रेघ: विकीवर नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठी विकिपीडियावर नवीन आलेला माणूस बहुधा आपल्या गावावर लेख लिहायला घेतो. उत्साह चांगलाच आहे, पण मी नव्यांना वेगळं सुचवते: आधी काही दिवस दुसऱ्यांनी लिहिलेल्या लेखांमध्ये दुवे, म्हणजे लिंक, जोडा. अक्षर ठळक किंवा तिरपं करणं अर्ध्या तासात येतं. दुवा नीट जोडायला मात्र सराव लागतो, आणि मराठीत तर जरा जास्तच.

सजावटीचं आधी उरकून घेऊ. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणचिन्हं दिली की तो तिरपा होतो, तीन-तीन दिली की ठळक. मथळ्याच्या ओळीला दोन्ही टोकांना दोन-दोन बरोबरची चिन्हं, उपमथळ्याला तीन-तीन. एकच चिन्ह देऊ नका, ती पातळी खुद्द लेखाच्या शीर्षकाची असते. ओळीच्या सुरुवातीला * टाकला की ठिपक्यांची यादी, # टाकला की आकड्यांची. नवा परिच्छेद हवा असेल तर मधे एक ओळ रिकामी सोडा, नुसतं एंटर मारून भागत नाही. आणि ओळीच्या सुरुवातीला चुकून एक स्पेस राहिली तर ती अख्खी ओळ वेगळ्याच टंकात, चौकटीत जाऊन बसते. वर्डमधून मजकूर चिकटवणाऱ्यांनी त्यातली वळणदार अवतरणचिन्हं पुसून कीबोर्डवरची सरळ चिन्हं टाकावीत. वळणदार चिन्हांनी काहीच ठळक होत नाही.

इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे चौकटी कंस उघडण्याच्या कळीवर ‘ड’ आहे, अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’, बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ‘ृ’ आणि उभ्या रेघेच्या जागी ‘ऑ’. विकीला लागणारं जवळपास प्रत्येक चिन्ह असं एखाद्या अक्षराने अडवलेलं आहे. विकिपीडियाची स्वतःची टंकनसोय वापरत असाल तर ती कंट्रोल-एम दाबून चालू-बंद करता येते. मी सगळा मजकूर आधी सलग लिहून काढते आणि मग कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन एका फेरीत सगळे कंस आणि रेघा टाकते. दर शब्दाला कीबोर्ड बदलत बसलं की वाक्य हातातून निसटतं.

आता दुवे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी (वाचकांनाच पानं संपादित करता येतील असं संकेतस्थळ) सुरू केली तेव्हा दुव्यासाठी कंस नव्हते. दोन-तीन इंग्रजी शब्द एकत्र जोडून लिहायचे, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचं, की झाला दुवा. विकिपीडियाही २००१ च्या सुरुवातीला असाच चालत होता. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, त्यामुळे ही पद्धत आपल्या काहीच कामाची नव्हती. त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंस आले आणि कुठल्याही लिपीतलं शीर्षक जसंच्या तसं दुव्यात घालता येऊ लागलं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ही सोय तयार होती.

कंसांनी लिपीचा प्रश्न सुटला, विभक्तीचा राहिला. लेखाचं शीर्षक ‘पुणे’ असतं, वाक्यात मात्र आपण ‘पुण्यात’ लिहितो. [[पुण्यात]] असं लिहिलं की दुवा लाल येतो, कारण त्या नावाचा लेखच नाही. म्हणून मधे उभी रेघ घालायची:

[[पुणे|पुण्यात]]
[[सातारा|साताऱ्याला]]
[[कृष्णा नदी|कृष्णेच्या]]

रेघेच्या डावीकडे लेखाचं नेमकं शीर्षक, उजवीकडे वाचकाला दिसणारा शब्द. जिथे शब्द बदलत नाही तिथे [[मुंबई]]त किंवा [[नाशिक]]मध्ये असा प्रत्यय कंसाला चिकटवला तरी चालतं. कोल्हापूरला ही युक्ती चालत नाही. [[कोल्हापूर]]ात असं लिहिलं की कंसामागे एकटा काना लोंबकळत राहतो, आणि ‘पू’ दीर्घच उरतो तो वेगळा. तिथे [[कोल्हापूर|कोल्हापुरात]] हेच बरोबर.

यावर मला कळकळीने सांगायचं आहे. रेघेचा कंटाळा करून अनेक जण वाक्यच बदलतात. ‘कोल्हापुरात जन्म झाला’ ऐवजी ‘कोल्हापूर या शहरामध्ये जन्म झाला’ असं लिहितात. परिच्छेदात अशी चार वाक्यं आली की लेख सरकारी अर्जासारखा वाटायला लागतो. वाक्य आधी चांगल्या मराठीत लिहा, दुवा नंतर त्यात बसवा. रेघ त्यासाठीच आहे.

तिचा आणखी एक उपयोग. ‘रायगड’ म्हटलं की किल्लाही आला आणि जिल्हाही. किल्ल्याचा दुवा द्यायचा तर [[रायगड (किल्ला)|]] असं रेघेनंतर काही न लिहिता जतन करा. विकी स्वतःच उजवीकडे ‘रायगड’ भरते, साधा कंस गाळून.

लेख असूनही दुवा लाल दिसला तर टंकलेखन तपासा. ‘कऱ्हा नदी’ घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ ‘ऱ’पासून तयार करता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी शीर्षकं वाटतात. ‘ॲ’चंही तेच. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला, त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवावा लागे. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या शीर्षकाचं पान उघडून त्यात एवढीच ओळ टाका:

#पुनर्निर्देशन [[कऱ्हा नदी]]

मग कोणी कसंही टाइप केलं तरी वाचक योग्य लेखावरच पोचतो.

बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा वेगळा असतो: एकेरी चौकटी कंस, आधी पत्ता, मग रेघेऐवजी मोकळी जागा आणि मग शब्द. मार्कडाउन या दुसऱ्या खूणपद्धतीची सवय असलेल्यांनी विशेष जपावं, तिथे शब्द आधी आणि पत्ता नंतर येतो. [[वर्ग:महाराष्ट्रातील नद्या]] अशी ओळ लेखाच्या तळाशी टाकली की लेख त्या वर्गात जातो. वर्गाचा नुसता उल्लेख करायचा असेल तर ‘वर्ग’च्या आधी विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं (कीबोर्डवरचं : हे चिन्ह, विसर्ग नव्हे) द्या. महिरपी कंसातले साचे, म्हणजे अनेक लेखांत वापरायचे तयार तुकडे, सुरुवातीला दुसऱ्या लेखातून उचलून वापरावेत, ते घडवण्याची घाई नको. चर्चा पानावर शेवटी ~~~~ टाकायला विसरू नका, त्यातून तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते.

दुवा किती वेळा द्यावा? लेखात नाव पहिल्यांदा येतं तिथे, एकदाच. ‘पाणी’, ‘माणूस’, ‘वर्ष’ अशा शब्दांना देऊच नका. निळ्या शब्दांच्या गर्दीत कामाचा दुवा सापडत नाही. लाल दुव्याला मात्र घाबरायचं कारण नाही. ज्या विषयावर लेख व्हायला हवा असं मनापासून वाटतं, तिथे तो राहू द्या. पुढच्या संपादकाला तिथून कामाला लागता येतं.

सराव धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, करा आणि जतन करण्याआधी दर वेळी झलक पाहा. नंतर तुमच्या तालुक्यातल्या नदीचा किंवा किल्ल्याचा लेख उघडा आणि ‘येथे काय जोडले आहे’ यावर टिचकी मारा. यादी रिकामी किंवा दोन-चार नावांची निघाली, तर ते नाव शोधपेटीत टाका, मूळ रूपात आणि ‘कृष्णेच्या’सारख्या रूपांतही. ज्या लेखांत ते नुसतंच काळ्या अक्षरात पडलेलं दिसेल, त्यातला पहिला उघडा आणि कंस टाकायला सुरुवात करा.